पेठेतील तसबिरी : पुण्याच्या चित्रमुद्रणाविषयी काही विचार

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर दप्तरांचे रुमाल येतात, बखरी येतात, सनदा आणि शकावल्या येतात. दिवाणखान्याच्या भिंतीवर किंचित पुढे कललेली, काचेआड पिवळी पडलेली तसबीर त्यांत सहसा येत नाही. ती शोभेची वस्तू मानली जाते. फार तर श्रद्धेची. पुणे ही साधनसंशोधनाची नगरी खरी. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० साली या शहरात झाली, आणि त्याच वर्षी याच शहरातून 'चित्रमय जगत्' हे सचित्र मासिक निघू लागले. एका उपक्रमाने महाराष्ट्राला जुना कागद वाचावयास शिकविले, दुसऱ्याने छापील चित्र पाहावयास. पहिल्या शिक्षणाची आपल्याकडे जी कदर झाली ती दुसऱ्याच्या वाट्यास आली नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या शिक्षणाविषयी आहे.

लेखाचे निमित्त घरगुती आहे. नारायण पेठेतील एक जुना वाडा पाडावयास काढला, तेव्हा तेथील एका बिऱ्हाडाशी असलेल्या जुन्या परिचयामुळे प्रस्तुत लेखकास आत जाण्याची संधी मिळाली. सामान हलवून झाले होते. माजघराच्या कोपऱ्यात सात-आठ तसबिरी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि रद्दीवाला दारात उभा होता. त्यास काचा हव्या होत्या, लाकडी चौकटी हव्या होत्या. कागदाचे त्यास काही नव्हते. त्या कागदांपैकी एक रामपंचायतन होते. रंग उडाले होते, पण सीतेच्या शालूचा तांबडा रंग अजून शाबूत होता. चित्र कोठे छापले, कोणी छापले, याचा त्यावर मागमूस नव्हता. कारण चौकटीत बसावे म्हणून तसबिरी करणाऱ्याने चारही बाजूंचा समास कापून टाकला होता.

त्याच सायंकाळी संगणकाच्या पडद्यावर लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील चित्रसंग्रह चाळीत असता पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रे समोर आली. त्यांचे समास शाबूत होते. तळाशी छापखान्याचे नाव होते, गावाचे नाव होते. मात्र ती कोणत्या घरात, कोणत्या भिंतीवर, कोणाच्या पूजेत वा कौतुकात होती, हे सांगणारे त्यांत काहीच नव्हते. एका प्रतीपाशी भिंत होती पण नाव नव्हते. दुसरीपाशी नाव होते पण भिंत नव्हती. या दोन अपुऱ्या वस्तूंवरून इतिहास कसा लिहावयाचा, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

नारायण पेठेचे नाव नारायणराव पेशव्यावरून पडले. लक्ष्मी रस्त्याच्या एका अंगास ही पेठ व दुसऱ्या अंगास सदाशिव पेठ. सदाशिव पेठेत चित्रशाळा होती. नारायण पेठेतील गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला आणि तेथून 'केसरी' निघू लागला. शाई, कागद, खिळे, पुठ्ठा, शिलाई आणि वाद या सर्वांचा व्यापार ज्या अर्ध्या मैलाच्या टापूत चालला त्याचाच हा भाग होय. तसबीर या टापूत छापली जाई, येथेच चौकटीत बसे आणि येथेच भिंतीवर चढे. तिचा इतिहास मात्र छापखान्याच्या स्थापनेपासून आरंभिता येत नाही. त्याकरिता शंभर वर्षे मागे, शनिवारवाड्यात जावे लागते.

सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ साली पुण्यास आला. त्याच्या पदरी चित्रे काढण्याची हौस होती. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. मॅलेटच्या खटपटीने पेशव्यांच्या वाड्यात चित्रकलेची एक शाळाही चालली. तीत तयार झालेल्यांपैकी ज्याचे काम आज ठळकपणे उरले आहे तो गंगाराम चिंतामण तांबट. आडनावच धंदा सांगते. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही ज्या धातूवर ठोके पडतात, त्या धातूच्या कारागिरांच्या जातीतून हा चित्रकार आला. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने १७९० साली काढलेले चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. त्या गेंड्याकडे पाहिले की लक्षात येते, त्याच्या कातडीच्या वळ्या चित्रकाराने पत्र्याच्या घडीसारख्या पाहिल्या आहेत. हे निरीक्षण आमचे आहे. त्यास पुरावा म्हणून चित्रावाचून दुसरे काही दाखविता येणार नाही. तथापि हातास जी सवय असते ती डोळ्यात उतरते, एवढे कारागिराच्या घरात वावरलेला कोणीही मान्य करील.

गंगारामाने कार्ल्याची व वेरूळची लेणीही चित्रिली. वेरूळच्या लेण्यांचा भव्य चित्रग्रंथ १८०३ साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, थॉमस डॅनियलचे आहे, गंगारामाचे नाही. वेल्स व सवाई माधवराव हे दोघेही १७९५ साली काही आठवड्यांच्या अंतराने निवर्तले. वेल्सच्या टिपणांवरून डॅनियलने १७९० च्या तहाचा दरबार रंगविला आणि ते चित्र १८०५ साली पुरे केले. तहाच्या त्या प्रसंगी डॅनियल पुण्यात नव्हता. तरीही शनिवारवाड्यातील गणेश रंगमहालाचे, त्यातील नक्षीदार खांबांचे व मूर्तीचे आपणांस जे काही दर्शन घडते ते मुख्यतः याच चित्रातून. कारण तो वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. एका परक्याच्या टिपणांवरून दुसऱ्या परक्याने काढलेले, लंडनमध्ये रंगविलेले चित्र हेच एका मराठी वास्तूच्या अंतर्भागाचे मुख्य साधन ठरावे, हा प्रकार विलक्षण खरा. पण साधने आपल्या सोयीने उरत नाहीत.

याच मॅलेटच्या सहवासात नाना फडणवीसांस छपाईचे महत्त्व पटले व त्यांनी एका तांबटाकडून तांब्यावर अक्षरे कोरविण्याचा उपक्रम आरंभिला, अशी हकीकत मुद्रणाच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. पुण्यात ते काम तडीस गेले नाही. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. तिचे साल १८०५. दरबाराचे चित्र लंडनमध्ये पुरे होण्याचे आणि गीता मिरजेस छापली जाण्याचे साल एकच, यात योगायोगापलीकडे काही नाही. पण दोन्हींच्या मुळाशी पुण्याचा तांबट आहे, हे मात्र योगायोगावर सोडता येत नाही. आपल्याकडे चित्र आणि अक्षर या दोहोंच्या मुद्रणाची पूर्वपीठिका एकाच भात्याच्या धगीत आहे.

त्यानंतरचा मधला काळ थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. शिळाछापाची युक्ती बव्हेरियातील सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढली. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि एतद्देशीयांच्या हातचा छापखाना म्हणजे काय ते लोकांस कळले. चित्रे या काळातही छापली जात, परंतु ती पोथीच्या पोटात, काळ्या रेषेत, अक्षरांच्या सोबतीने. स्वतंत्रपणे विकत घ्यावे, रंगीत असावे, आणि केवळ पाहण्याकरिता असावे, असे छापील चित्र पुण्यात खऱ्या अर्थाने आले ते १८७८ साली.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ओळख आपणांस 'निबंधमाले'वरून आहे. १८७४ ते १८८१ या काळात मालेचे चौऱ्यायशी अंक निघाले आणि मराठी गद्याला धार आली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच लेखकाने आर्यभूषण छापखाना, किताबखाना आणि चित्रशाळा या तीन संस्थांचा पाया घातला, ही गोष्ट चरित्रकार एखाद्या वाक्यात उरकतात. आमच्या मते येथे दृष्टीचा दोष आहे. निबंध लिहिणारा शास्त्री आणि चित्रे छापणारा शास्त्री हे दोन निराळे पुरुष नव्हेत. सरकारी नोकरी सोडण्यापूर्वीच त्याने या खटपटी आरंभिल्या होत्या. माला ज्यांस वाचता येत होती त्यांच्यापुरती होती. साक्षरांची संख्या त्या काळी किती तोकडी होती हे सांगण्याची आवश्यकता नाही. चित्र वाचता न येणाऱ्याच्याही घरात जाते, आणि एकदा खिळ्यावर चढले की दोन पिढ्या खाली उतरत नाही. मालेचा कोणताही अंक इतका काळ कोणाच्या डोळ्यांसमोर राहिला नसेल.

चित्रशाळेने रामपंचायतन, शिवपंचायतन अशी देवादिकांची चित्रे काढली आणि त्यांच्या जोडीस नाना फडणवीसादी पेशवाईतील पुरुषांची चित्रेही काढली. ही जोडी अभ्यासकाने नीट ध्यानी घेतली पाहिजे. दुकानात दोन्ही प्रकार एकाच गठ्ठ्यात असत. घरी एकाच ओळीत लागत. पंचायतनाशेजारी नाना लागले म्हणजे मुत्सद्द्याला देवत्व आले असे नव्हे, पण ज्या नजरेने सकाळी देवाकडे पाहिले जाई तीच नजर पुढच्या चौकटीवर जाऊन टेके. इंग्रजी अंमलात पेशवाईविषयी उघड बोलणे जपून करावे लागे. भिंतीला मात्र जपावे लागत नव्हते. नानांचा सडपातळ, लांबट, विचारमग्न चेहरा आज आपल्या ओळखीचा आहे. त्या चेहऱ्याचे मूळ वेल्सच्या चित्रपरंपरेत आहे. पण वेल्सचे मूळ चित्र पाहिलेले मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. तो चेहरा घरोघर नेला तो छापील कागदाने.

याच १८७८ साली कलकत्त्यास अन्नदाप्रसाद बागची यांनी 'कलकत्ता आर्ट स्टुडिओ' काढला. दोन शहरांत एकाच वर्षी एकच कल्पना उगवावी, याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. कलाशाळांतून शिकलेली माणसे, परदेशातून येणारी यंत्रे व दगड, आणि तसबिरीस गिऱ्हाईक असलेला नवा मध्यमवर्ग, ही तीन्ही सामग्री दोन्हीकडे तयार होती. न्यूयॉर्कला करियर आणि आइव्हज यांचा असाच धंदा त्या वेळी भरात होता आणि फ्रान्समध्ये एपिनाल या गावाने तर आपले नावच स्वस्त चित्रांना दिले होते. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस १८९४ मध्ये निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या कीर्तीपुढे चित्रशाळेचे नाव झाकोळले. लोकांच्या आठवणीत प्रत्येक जुनी तसबीर 'रविवर्म्याची' होऊन बसली आहे. वाड्यातील त्या रामपंचायतनासही घरच्या मंडळींनी रविवर्म्याचेच म्हटले होते.

येथे छपाईच्या रीतीविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे. कारण चित्राचे वय व कुळ ओळखण्याची किल्ली तीत आहे. शिळाछापाचा दगड म्हणजे बव्हेरियातील बारीक पोताचा चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, तेही उलटे. मग दगड पाण्याने ओला करावयाचा. तेलकट रेषेवर पाणी ठरत नाही आणि ओल्या भागावर शाई ठरत नाही, एवढ्याच विरोधावर सारी किमया उभी आहे. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाकरिता निराळा दगड लागतो. आठ रंगांचे चित्र म्हणजे आठ दगड, आठ वेळा छपाई आणि दर वेळी कागद नेमक्या त्याच जागी बसविण्याचे संकट. कागद केसभर सरकला तर ओठाचा तांबडा रंग गालावर येतो. जुन्या तसबिरीत मुकुटाच्या कडेला जी पिवळी वा निळी रेघ बाहेर डोकावते ती अशा सरकलेल्या कागदाची खूण होय. रंगांच्या छटा शिळाछापात हाताने दिलेल्या ठिपक्यांनी साधत. ते ठिपके वेडेवाकडे, दाट-विरळ असतात. पुढे छायाचित्रावरून जाळीचे ठसे होऊ लागले, त्यांतील ठिपके कवाइतीस उभ्या राहिलेल्या शिपायांप्रमाणे रांगेत असतात. भिंगाखाली हा भेद क्षणात दिसतो. वाड्यातील रामपंचायतनाचे ठिपके वेडेवाकडे होते. म्हणजे चित्र दगडावरचे ठरले; मात्र कोणाच्या दगडावरचे, हे ठिपके सांगत नव्हते.

विष्णुशास्त्री १८८२ च्या मार्चमध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. चित्रशाळा पुढे चालविली ती वासुदेव गणेश जोशी, म्हणजे वासूकाका जोशी, यांनी. टिळकांच्या वर्तुळातील हा माणूस. राजकारणाच्या उलाढाली आणि छापखान्याचा हिशेब तो एकाच पगडीखाली बाळगून होता. त्याच्या चरित्रातील राजकीय प्रकरणांवर लिहिले गेले आहे, त्यांत येथे शिरत नाही. चित्रांच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयाचे ते १९१० हे साल. त्या वर्षीच्या मुद्रणविषयक कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारने घेतला. त्या कायद्यात 'दस्तऐवज' या शब्दाची जी व्याख्या केली आहे तीत रंगचित्र, रेखाचित्र, छायाचित्र आणि अन्य कोणतेही दृश्य चित्रण यांचा स्पष्ट समावेश आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली तीही १९१० सालीच. आमचे इतिहासकार ज्या वस्तूस साधन मानावयास संकोचतात तिला परक्या सरकारच्या कायदेपंडितांनी बेधडक दस्तऐवज म्हटले होते. चित्राचे सामर्थ्य प्रतिपक्षास अगोदर कळले, एवढाच याचा अर्थ.

अशा वर्षी, टिळक मंडालेस असता, 'चित्रमय जगत्' सुरू झाले. मोठ्या आकाराची पाने, गुळगुळीत कागद, जाळीच्या ठशांनी छापलेली छायाचित्रे. देशोदेशींची शहरे, यंत्रे, संस्थानिक, उत्सव, आणि १९१४ नंतर महायुद्धाची दृश्ये, हे सर्व पेठेतील वाचकाच्या मांडीवर येऊन पडले. आज कोणी संगणकावर एक चित्र पाहता पाहता दुसऱ्याकडे, दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे जातो आणि तास कसा गेला ते त्यास कळत नाही. त्या भटकंतीस मराठी मनाची पहिली सवय अशा मासिकांनी लावली. 'मनोरंजन'कर्ते काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्यातही चित्रांचा वाटा मोठा होता. नवलाईची चित्रे जमवून, कापून, वहीत चिकटविण्याची हौस त्या पिढीत अनेकांस होती. त्या वह्या आज मिळतात तेव्हा ग्रंथपाल त्यांस फाटलेल्या मासिकांचे अवशेष समजून नाक मुरडतात. वास्तविक वाचकाने काय निवडले याचा इतका प्रत्यक्ष पुरावा दुसरा नाही.

चित्रशाळेस केवळ चित्रांची पेढी समजणेही बरोबर नाही. नीलकंठी टीकेसह महाभारताची जी आवृत्ती रामचंद्रशास्त्री किंजवडेकरांनी संपादिली आणि जी संस्कृतज्ञ आजही हाताळतात, ती १९२९ ते १९३६ या काळात याच छापखान्यातून बाहेर पडली. विभागातील विद्यार्थी ग्रंथालयात तिचे खंड नेहमी काढतात. छापखान्याच्या नावावर नजर थांबत नाही.

आता पडद्याकडे वळू. येल विद्यापीठाने आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त चित्रे २०११ साली सर्वांस विनामूल्य खुली केली. त्यामुळे गंगारामाचा गेंडा नारायण पेठेतील विद्यार्थ्यास आपल्या खोलीत बसून, रेघ न् रेघ मोठी करून पाहता येतो. ज्या चित्राकरिता पूर्वी समुद्र ओलांडावा लागता ते आज रात्री अकरा वाजताही हाती येते. याचे महत्त्व कमी लेखण्याचे काही एक कारण नाही. नुसत्या कुतूहलाने, कोणत्याही प्रबंधाच्या हेतूवाचून, असे पाहत बसणारा विद्यार्थी वेळ घालवितो असे काही अध्यापक म्हणतात. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. जपानी छापील चित्रांचा पाश्चात्त्य कलेवर केवढा परिणाम झाला हे सर्वश्रुत आहे. त्या ओढीचा आरंभ ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकाराला मालाच्या पेटीत भरणीस घातलेली होकुसाईची पाने सापडली तेव्हा झाला, असे सांगतात. कथा पुढे सजविली गेली असेल. पण रद्दीत हात घालणारा डोळस माणूस असल्यावाचून ती सजविताही आली नसती.

हरकत आहे ती दुसऱ्या गोष्टीस. पडद्यावरचे चित्र सुटे असते. त्याचा आकार नाहीसा होतो. तळहाताएवढे चित्र आणि भिंतीएवढे चित्र सारख्याच चौकोनात दिसते. त्याची पाठ दिसत नाही. कागदाचे वजन, किंमत, हातांचा मळ, काही नाही. त्याहून वाईट म्हणजे ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मूळ नाव गळते व नवे चिकटते. ही आपत्ती आंतरजालाने निर्माण केली असे मात्र कोणी समजू नये. मनुचीच्या ग्रंथातील इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र कित्येक वर्षे शिवछत्रपतींचे म्हणून आपल्याकडे छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथातील अस्सल चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले, तेव्हा तो भ्रम फिटला. बेंद्र्यांनी काय केले? त्यांनी चित्र पाहिले, आणि ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर होते हे पाहिले. पहिले काम हजारोंनी केले होते.

आणखी एक हानी फार शांतपणे झाली आहे. शासकीय प्रयत्नाने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या योजनेत हजारो मराठी पुस्तके व मासिके प्रतिमाबद्ध झाली. उपकार मोठा. परंतु तेथील बहुतांश पाने निव्वळ काळ्या व पांढऱ्या अशा दोनच मूल्यांत टिपली गेली. अक्षरास एवढे पुरते. चित्रास पुरत नाही. मधल्या साऱ्या करड्या छटा गेल्या आणि जाळीच्या ठशांनी छापलेली छायाचित्रे शाईच्या डागांसारखी उमटली. सचित्र मासिक अशा रीतीने जतन करणे म्हणजे गवयाचे गाणे ऐकून केवळ शब्द लिहून ठेवणे होय. आणि जतन झाले म्हणून मूळ अंकाची किंमत संपली, असा समज ग्रंथालयांत पसरू लागला आहे. जागेच्या टंचाईत तो समज सोयीचा ठरतो. दूरच्या संग्रहांवर विसंबणेही तितकेच धोक्याचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची सूची व प्रतिमाबद्ध संग्रह दीर्घकाळ बंद पडले. कागद कपाटात होते. पुण्यातून पाहणाऱ्यास मात्र ते नव्हतेच.

म्हणून त्या वाड्यातील तसबिरींकडे पुन्हा यावे लागते. रद्दीवाल्यास काचा व चौकटी दिल्या, कागद आम्ही घेतले. रामपंचायतनाच्या काचेवर गंधाचे व कुंकवाचे थर होते. ते रामाच्या पायांशी दाट, हनुमंतापाशी त्याहून दाट, आणि शत्रुघ्नापाशी जवळजवळ नव्हते. कागदाच्या वरच्या भागावर उदबत्तीच्या धुराची कमान उमटली होती. दुसऱ्या एका देवीच्या चित्रात वस्त्रावर टिकल्या आणि जरीचे तुकडे चिकटविले होते. ते घरातील कोणा बाईचे हातकाम असावे, कारण टाके टाकल्याप्रमाणे ते ओळीने बसविले होते. पाठीवर तसबीर करणाऱ्याने आधार म्हणून जुनी वर्तमानपत्रे डकविली होती. चौकट उतरविताना तो थर सुटला आणि एका पानावरील तारखेचा अर्धा भाग हाती आला. महिना गेला आहे. साल १९०७ आहे. म्हणजे ती चौकट १९०७ पूर्वी केली गेली नाही. चित्र त्याच्या किती आधीचे, हे आता समास शाबूत असलेल्या प्रतींशी ठिपके व रंगांच्या कडा ताडून पाहावे लागेल.

ते काम विभागातील दोन विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. पडद्यावरील प्रत मोठी करून डाव्या हातास, कागद भिंगाखाली उजव्या हातास, अशी त्यांची बैठक असते. आतापर्यंत त्यांनी तीन प्रतींतील सीतेच्या शालूच्या किनारी मोजल्या. दोन जुळत नाहीत. तिसरीच्या मुकुटाबाहेर निळी रेघ त्याच बाजूस डोकावते, पण तिची जाडी निराळी आहे, आणि ती दगडाची खूण की केवळ त्या एका कागदाच्या सरकण्याची, यावर त्या दोघांचे अद्याप एकमत नाही.